डाळीच्या बहाण्याने पुसदच्या पुढे

यवतमाळ जिल्ह्यात लोक वाघ बघायला जातात. मी ख्रिस्ती माणसं बघायला गेले. हे वाक्य मुलीला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "आई, असलं काही लिहू नकोस, लोक काय म्हणतील!" म्हणून तेच पहिलं लिहिलं. आमच्या इचलकरंजीच्या बाया फिरायला निघाल्या तर महाबळेश्वरला जातात, फार तर अजिंठ्याला. पुसदकडे कुणी फिरकत नाही. मी जाऊन आले आहे, तर तिकडचं चार शब्दांत सांगते.

मी एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. या नोकरीने मला गुडघेदुखी दिली आणि संशय दिला. पाच वर्षांचं म्हणून मांडीवर घेतलेलं पोर खरं कितीचं आहे, हे मी त्याच्या दातांवरून सांगायची. माझी एकुलती एक मुलगी प्रज्ञा पुण्यात नर्स आहे. सुट्टीला आली तेव्हा भाजी निवडता निवडता म्हणाली, मला आशिषशी लग्न करायचंय. आशिष तिच्याच दवाखान्यात लॅब टेक्निशियन, गाव पुसद आणि दिग्रस यांच्या मधलं, धर्म ख्रिस्ती.

आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव टोपलीत भरून पंचगंगेत सोडले. त्यांच्या नातीच्या घरात आता बाप्तिस्मा येणार की काय, या विचाराने माझी झोप उडाली. लग्नाआधी मुलीला पाण्यात बुडवतात, नाव बदलतात, भिंतीवरचा बुद्ध उतरवायला लावतात, असं मला शेजारपाजारच्या बायांनी सांगितलं. त्यांपैकी एकीनेही ख्रिस्ती माणूस जवळून पाहिलेला नव्हता, पण सांगताना खात्री अशी की जणू यांचंच नाव बदललं होतं. प्रज्ञा म्हणाली, तसं काही नाही. पण प्रेमात पडलेल्या माणसाची साक्ष मी धरत नाही. शेवटी ती म्हणाली, "तू नाही म्हणालीस तर मी हे लग्न करणार नाही. पण न बघता नाही म्हणू नकोस."

म्हणजे सगळं माझ्या एका शब्दावर आलं. बघायला जाणं भाग होतं.

आमच्याकडे स्थळाची चौकशी उघड करत नाहीत. गावात जायचं, भलतंच कारण सांगायचं, किराणा दुकानासमोर बसायचं आणि बोलता बोलता काढून घ्यायचं, बाप पितो का, सासू कशी आहे, घरात कोण येतं जातं. माझ्या वेळी माझा मामा बैल बघायला म्हणून माझ्या सासरच्या गावी गेला होता. बैल चांगला निघाला, नवरा मध्यम. नवराही आता नाही. मी तुरीच्या डाळीचं कारण ठरवलं. बचत गटाला थेट शेतकऱ्याकडून डाळ हवी, असं सांगायचं. ताकाला तूर लागू द्यायची नाही असं ठरवूनच निघाले.

पुसद, शुक्रवार

रेल्वेने नांदेड आणि तिथून एसटीने पुसद, हा प्रवास सांगण्यासारखा नाही. पुसदच्या स्टँडबाहेर सकाळी आलूबोंडा खाल्ला. आमच्याकडे कटवडा असतो, तिखट लाल रश्शात बुडवलेला. इथे त्यावर कढी ओततात. मी आधी चमच्याने कढी बाजूला केली, वास घेतला, मग खाल्ला, आणि मग दुसरा मागवला. बाजारात जवस आणि तिळाचे ढीग, लाल मिरचीची पोती, शाळेत जाणाऱ्या मुलींच्या सायकलींच्या रांगा. गाव मोठं आणि गडबडीचं आहे. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच नीटनेटकं.

दिग्रसकडे जाणारी बस बायांनी गच्च भरलेली होती. अर्धं तिकीट झाल्यापासून सगळ्या महाराष्ट्रात हीच तऱ्हा. फाल्गुन लागला होता. सागाची झाडं पानं गाळून उभी होती आणि मधे मधे पळस फुललेला. शेतांत कापूस संपून नुसत्या पऱ्हाट्या उरलेल्या, काही ठिकाणी उपटून ढीग घातलेले. कंडक्टर नवखा होता, दारातली गर्दी त्याला हलवता येईना. मला राहवलं नाही. "चला, पुढं सरका, पुढं सरका, मधे जागा आहे!" मी ओरडले आणि सगळी बस पुढे सरकली.

माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली. माझ्याच वयाची, उंच, काटकुळी, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, कपाळ मोकळं. मांडीवर कापडी पिशवी.

"कुठं जाऊन राह्यल्या बाई?"

"तुमच्याच भागात. तुरीची डाळ बघायला."

"डाळ? इतक्या दुरून?" माझ्या बोलण्यावरून तिने 'दुरून' ओळखलं होतं. "कोनत्या गावात?"

मी गावाचं नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही, सोयरिकीचा मामला आहे आणि इतरही कारण आहे.

"अरे बाप्पा! थे तर माह्यंच गाव होय." तिने स्वतःचं नाव मार्था सांगितलं आणि मी सावध झाले. भलत्या वेळी भलतं माणूस बरोबर शेजारी येऊन बसतं, तेव्हा ते उगीच बसत नाही, हा माझा अनुभव.

तिने पिशवीतून डबा काढला, झाकणावर हात ठेवला, डोळे मिटले आणि ओठ हलवले. मग अर्धी ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी माझ्यापुढे केली. मी विचारलं, काय पुटपुटलात?

"धन्यवाद देल्ला."

"कुणाला?"

"ज्यानं भाकर देल्ली त्याले."

"भाकरी तर तुम्हीच थापली असणार."

"थापली मीनं. पन जवारीतला दाना मीनं भरला नाई ना बाई."

"दाणा पावसाने भरतो," मी म्हणाले. ती खळखळून हसली. म्हणाली, "जयभीमवाल्या दिसता. तुमच्या लोकाइले सारं इचारून घ्या लागते." बाई हुशार होती. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, मी भाकरीही फुंकून खाल्ली. चटणी मात्र अशी होती की पाककृती विचारल्यावाचून राहवलं नाही.

मुक्कामाचं तिनेच काढलं. "लॉजबीज नाई आमच्या गावात. माह्या घरी राहा." इतकी तत्परता कशाला? माझं तर ठरलंच, की ही धर्म वाढवणाऱ्यांपैकी असणार, गिऱ्हाईक हेरून ठेवते. पण चौकशीला याहून चांगली जागा कुठे मिळणार? मी हो म्हणाले.

गावात, शुक्रवार दुपार

गाव लहान, उतारावर वसलेलं. वरच्या अंगाला मारुतीचं देऊळ, खाली निळ्या झेंड्याचं विहार, आणि एका कडेला पत्र्याची शेड, तिच्यावर लाकडी क्रूस. आशिषचं घर त्या शेडपासून जवळच होतं, हे प्रज्ञाने सांगितलं होतं. मी जेवणानंतर किराणा दुकानासमोरच्या बाकावर जाऊन बसले आणि मामाने शिकवलेली विद्या सुरू केली.

आधी डाळ. दुकानदाराने दाखवलेली डाळ खरंच चांगली होती, टपोरी, तेल न लावलेली. मग हळूच, ती शेड कसली? किती घरं आहेत त्यांची? बाहेरून कुणी येतं का? येणारा काय देतो? बायांना पाण्यात बुडवतात म्हणे, कुठे बुडवतात? नव्याने कुणी त्यांच्यात गेलंय का? त्या कोपऱ्यावरच्या घरातली माणसं कशी आहेत? दुकानदार आधी मोकळेपणाने बोलला, मग जरा आखडला. अंगणवाडीच्या बाईंनाही मी तेच विचारलं. त्यांनी उत्तराऐवजी माझ्या चपलांकडे बघितलं. परत येताना शेडचा आणि शेजारच्या घराचा मोबाइलवर फोटो काढून प्रज्ञाला पाठवला. सासरचं घर बघायला पुण्याहून तिला थोडंच यायला मिळणार होतं!

आमच्या कोल्हापूरकडच्या बायांसारख्या इथल्या बायाही "मी येतो, मी जातो" म्हणतात. तेवढ्यापुरतं घरी आल्यासारखं वाटलं. बाकी सगळं परकं.

संध्याकाळी मार्थाबाईच्या घरी प्रार्थना होती. मी कोपऱ्यात, दाराजवळ बसले. दारापासून लांब बसायचं नाही हा माझा नियम. मला वाटलं होतं पांढरा झगा असेल, पेटीसारखं मोठं वाद्य असेल. निघाले ढोलकी आणि टाळ. माणसं चटईवर मांडी घालून बसली, बायांनी डोक्यावर पदर घेतले, चपला बाहेर. भजनाची चालही आपल्याच भजनांसारखी, फक्त विठ्ठलाच्या जागी येशू. डोळे मिटून ऐकलं असतं तर फरक कळला नसता. पण मी डोळे मिटले नाहीत.

शेवटी दिवा मधोमध ठेवून सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि एकेक जण मोठ्याने एकेक नाव घेऊ लागला. एकाने थोरल्या भावाचं घेतलं. एकीने सासूचं. एका म्हाताऱ्याने कुणा पाटलाचं घेतलं आणि घेताना त्याचा आवाज कापला. मला वाटलं ही आजारी माणसं असतील. मग मार्थाबाई म्हणाली, "आज बसमधी भेटलेली बाई. तिच्यासाठी, प्रभू."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. मी अंगणात जाऊन प्रज्ञाला फोन लावला. "सुरू झालं बघ. माझ्या नावाने प्रार्थना घातली. आज मी, उद्या तू." ती हसत सुटली. म्हणाली, "आई, तुला ख्रिस्ती करायला देवालासुद्धा रजा काढावी लागेल."

शनिवार

सकाळी मार्थाबाईबरोबर शेतात गेले. तिला पऱ्हाट्यांची मोळी आणायची होती. मी मोळीला हात लावला आणि सरळ विचारलं, "तुम्हाला हे होऊन मिळालं काय?"

ती थांबली. "तुमीच नाई इचारत बाई. साऱ्या गावानं माह्या बापाले हेच इचारलं. दूध पावडर भेटली म्हून झाले, म्हनत."

मला हसू आलं. मी म्हणाले, हेच माझ्या आजोबांना विचारत होते. देव सोडलेत, बदल्यात काय मिळालं तुम्हाला?

"मंग काय सांगत तुमचे आजे?"

"म्हणायचे, मान वर करून चालायला मिळालं."

"माह्या बापाले असं बोलता नाई ये," ती म्हणाली. "थो म्हने, मले कोनीतरी नावानं हाक मारली. बस. एवढंच सांगे. मरेपरयंत."

मी म्हणाले, ते ठीक आहे, पण मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला, हे तुम्ही खरं धरता? धरतो, ती म्हणाली. पुरावा? नाही. मग? तिने मोळी डोक्यावर घेतली. "बसमधी बसल्या तवा डायवरचं लायसन पाह्यलं का तुमी?" ते बघायचं काम खात्याचं असतं, मी म्हणाले. "तसंच समजा मंग," ती म्हणाली आणि चालू लागली. हे उत्तर मला पटलेलं नाही, आजही नाही. पण वाटेत मी तिला दीक्षेच्या वेळच्या प्रतिज्ञा सांगितल्या आणि तिने त्या मन लावून ऐकल्या, मधे एकदा "हे बरं हाये" असंही म्हणाली. देवाने अवतार घेतला यावर विश्वास ठेवायचा नाही, ही प्रतिज्ञा आली तेव्हा मात्र "जाऊ द्या थे" म्हणाली.

जेवायला तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी होती, हंगामातली शेवटची. दुपारी मी परत चौकशीला बाहेर पडले आणि गाव बदलल्यासारखं दिसलं. दुकानदार म्हणाला, "मले काई माईत नाई बाई, डाळ पायजे तर घ्या." अंगणवाडीला कुलूप. आशिषच्या घरासमोरून गेले तर भर दुपारी दार आतून लागलं, कडीचा आवाज मी ऐकला. भर दुपारी दार लावणारं घर! नक्कीच काहीतरी लपवताहेत, असं मी मनाशी पक्कं केलं. प्रज्ञाला नाही म्हणायला कारण मिळालं, असंही वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, थोडं बरं वाटलं.

संध्याकाळी चटई घातली, दिवा लावला, पण प्रार्थनेला कुणीच आलं नाही. ढोलकीसुद्धा आली नाही. मार्थाबाई माझ्यासमोर येऊन बसली. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आता सांगा बाई. तुमाले कोनं धाडलं?"

"कुणी म्हणजे? मी डाळ..."

"डाळ घ्यायले आल्या अन् बसमधी सरकारी मानसावानी हुकूम सोडला. दुकानात बसून कोन येते, कोन जाते, नवीन कोन झालं, काय देते, सारं इचारलं. चर्चचा फोटो काढला. फोन लावून 'सुरू झालं' म्हनून सांगतलं, मीनं ऐकलं." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "पल्याडच्या गावात असाच एक जन आल्ता. गोड बोलला, भाकर खाऊन गेला. आठ दिवसानं मानसं आली. ढोलकी फोडली. पारथना घेनाऱ्या पाळकाले दिवसभर चौकीत बसवून ठेवलं. बाया पोट्टे घेऊन वावरात लपल्या. म्हून मीनं तुमाले घरी आनलं. म्हनलं, नजरेपुढं राहू द्या."

 आयुष्यभर मी लोकांवर नजर ठेवली, आणि ही बाई दोन दिवस मला भाकरी वाढत माझ्यावर नजर ठेवून होती.

"मग काल प्रार्थनेत माझं नाव?"

"ज्याचा राग हाये, ज्याची भीती हाये, त्याचं नाव घ्या लागते रोज. वैऱ्यासाठी मांगा लागते, असं सांगतलं हाये आमाले. सोपं नाई बाई. त्या म्हाताऱ्याच्या वावरात पाटलानं बांधाचा धुरा सरकवला, दहा वर्सं झाले, रोज नाव घेते थो. अजून आवाज कापते त्याचा."

आमच्याकडेही वैराने वैर मिटत नाही असं शिकवलं आहे, आम्ही डोळे मिटून सगळ्या प्राणिमात्रांचं भलं चिंततो. सगळ्यांचं चिंतणं सोपं आहे. नाव घेऊन एकाचं चिंतायचं, ते मला कधी सुचलं नव्हतं. आणि मी त्या वैऱ्यांच्या नावांत होते. मला आधी राग आला, हेर समजले म्हणून. मग लाज वाटली, कारण मी जे जे केलं ते हेरानेही तसंच केलं असतं.

मी खरं सांगितलं. मुलगी, आशिष, मामाचा बैल, सगळं. मार्थाबाईने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "काल डाळ म्हनत होत्या, आज पोरगी म्हनून राह्यल्या." मग उठली. "चला. त्याइच्याच दारात सांगा."

आशिषच्या घरी

दार उघडायला वेळ लागला. मार्थाबाईने हाक मारली तेव्हा कडी निघाली. आशिषचे वडील कापूस-तुरीचे शेतकरी, बुटके, कमी बोलणारे. आई ठेंगणीच, चेहरा आशिषचाच. मी कोण ते मार्थाबाईने सांगितलं. चहा नाही, पाणी नाही, आईने पहिला प्रश्न केला तो असा, "थो फोटो कोनाले धाडला?"

मी तिथेच प्रज्ञाला फोन लावला, आवाज मोठा केला आणि सांगितलं, कालचा फोटो पुसून टाक, आत्ता. "का? काय झालं? आई, तू काय केलंस?" ती ओरडली. आशिषची आई माझ्याकडे बघायची थांबली आणि फोनकडे बघू लागली. "हाच आवाज होय," ती नवऱ्याला म्हणाली. "आशिषच्या फोनवर ऐकला मीनं." आणि मग चहा ठेवायला उठली.

चहा झाल्यावर ती पदर सारखा करून माझ्यासमोर बसली. "बाई, एक गोष्ट मांगतो. नाई म्हनू नका."

आलं, मी मनात म्हणाले. आता बाप्तिस्मा. मी ताठ झाले, उत्तर तयारच होतं.

"लगन रजिस्टर करा. पुन्यात करा, तुमच्या इकडं करा, कुठंबी करा. चर्चमधी नको. पोरीले इथं पारथनेले आनू नका. बाप्तिस्म्याचं तर नावच नको. उद्या कोनी म्हनल, पोरगी बाटवली. मंग आमाले इथं राहनं कठीन होईल."

वडील जमिनीकडे बघत म्हणाले, "त्या शेडच्या भुईले हिनंच पानी वाह्यलं. पोराचं लगन तिथंच पाह्याचं होतं तिले."

"गप बसा ना तुमी," ती म्हणाली.

ज्यासाठी मी एवढ्या लांब आले होते ते मला न मागता मिळालं होतं. माझी मुलगी चर्चची पायरी चढणार नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि राग आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना, कारण त्या बाईच्या भीतीत दोन दिवसांची भर मीच घातली होती. मी "बरं" म्हणाले आणि उठले.

रविवार

मी सकाळची बस धरणार होते. मार्थाबाई फाट्यापर्यंत सोडायला निघाली. वाटेवर शेड लागली, बाहेर चपला अगदी थोड्या. एरवी दार भरून असतात, मार्थाबाई म्हणाली. मी माझ्या चपला काढल्या. ती म्हणाली, "बस जाईल ना बाई." मी म्हणाले, बस मला माहीत आहे, दुसरी येते.

पाळक तरणा होता, मोटारसायकलवर आलेला. मला बघून त्याचं पहिलं वाक्य अडखळलं. प्रार्थना झाली, भजनं झाली, ढोलकी कुणीतरी दबक्या हाताने वाजवली. मग एका ताटात पोळीचे तुकडे आणि छोट्या स्टीलच्या पेल्यांत भिजवलेल्या मनुकांचं पाणी फिरू लागलं. ताट माझ्यापर्यंत आलं आणि माझ्या गुडघ्यावरून पुढच्या बाईकडे गेलं. मी मार्थाबाईकडे बघितलं.

"प्रभूचं भोजन होय थे. ज्यानं बाप्तिस्मा घेतला त्यालेच देते," ती कानात म्हणाली.

"आणि मागितलं तर?"

"मांगतलं तरी नाई."

हे लोक आपल्याला काहीतरी खायला घालून बाटवतील म्हणून मी दोन दिवस भाकरीसुद्धा फुंकून खाल्ली होती. आता यांनीच मला वगळलं तर माझं नाक फुगलं. प्रज्ञाला हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली.

शेवटी पाळकाने सवयीने विचारलं, "आज कुणी नवीन पाहुणे आले असतील तर त्यांनी ओळख द्यावी," आणि विचारल्याबरोबर त्याची चूक त्याच्या लक्षात आली. सगळे खाली बघू लागले. मार्थाबाईने माझ्या साडीचा काठ धरला. "बसा बाई, जाऊ द्या."

मी उभी राहिले. दाराबाहेर किराणा दुकानदार रेंगाळत होता, बोअरिंगवर चार बाया पाणी भरत होत्या. त्यांनाही ऐकू जावं म्हणून मी कंडक्टरचा आवाज लावला.

"जयभीम. मी सुमन, इचलकरंजीची. मी डाळ घ्यायला आले नव्हते. आशिषचं स्थळ बघायला आले होते. दुकानात जे विचारलं ते त्यासाठी विचारलं. फोटो माझ्या मुलीला पाठवला होता, तो पुसला. चौकशी झाली. मुलगा पसंत आहे, घर पसंत आहे. माझी मुलगी बौद्ध आहे, बौद्धच राहील, तिला कुणी काही सोडायला सांगितलेलं नाही. उद्या कुणी इथे येऊन विचारलं की मुलीला फसवलं का, तर सांगा, तिच्या आईने याच जागी उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं होतं. परत बोलवलं तर परत येऊन सांगेन. लग्न कुठे करायचं ते तुम्ही आणि मुलं ठरवा. इथे करायचं म्हणालात तर माझी हरकत नाही. आमच्या विहारातही व्हावं, एवढंच माझं मागणं."

 बोअरिंगचा दांडा थांबला होता, तो परत वाजू लागला. मार्थाबाईने काठ सोडला. "आता खरं बोलल्या," ती शेजारणीला म्हणाली, चांगली मोठ्याने.

आशिषची आई बायांच्या रांगेतून उठून माझ्याजवळ आली. तिने तोंडावर पदर दाबला होता. काहीतरी विचारायचं होतं, पण धजत नव्हती. शेवटी अगदी हळू म्हणाली, "बाई, आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. लोक अशुभ म्हनते. तुमच्या पोरीले... चालन का?"

मी तिचा हात हातात घेतला.

"चालेल म्हणजे काय," मी म्हणाले, "आमच्यातही नवरी पांढरीच नेसते."